देउरालीवर घातलेलं गाऱ्हाणं

देव आहे, यावर माझा लहानपणापासून विश्वास. पण तो एकटा सगळं नीट निभावेल, यावर कधीच नव्हता. भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या घरात गणपतीच्या नैवेद्यापासून पाण्याच्या मोटरपर्यंत प्रत्येक गोष्टीवरून माझा हात फिरल्याशिवाय मला चैन पडत नसे. माझे यजमान थट्टेने म्हणायचे, "तुका देवान सुट्टी दिल्यान तरी तू घेवची नाय." बालवाडीतून निवृत्त झाले आणि रिकामं घर मला खायला उठलं. तेव्हा एका संस्थेतर्फे नेपाळच्या डोंगरातल्या एका खेड्यात लहान मुलांना शिकवायला बाई हव्यात असं कळलं. माझी एकुलती एक लेक सायली तेव्हा गरोदर होती. पहिलं बाळंतपण आईकडेच, हा आमच्याकडचा रिवाज. पण तारीख दिवाळीनंतरची, आणि मी दसऱ्याला परत येणार होते. "जा गं आई, नाहीतर इथे बसून माझं डोकं खाशील," असं सायलीच म्हणाली. मी गेले.

तिथे मी मनमायाच्या घरी राहायचे. माझ्याच वयाची, एक म्हैस, चार कोंबड्या आणि डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं असलेली बाई. सकाळी ती गवत कापायला जायची, मी शाळेत. पत्र्याच्या खोलीत मुलांना गाणी शिकवायची, नाकं पुसायची, दुपारी खिचडीच्या पातेल्यापाशी उभं राहायचं. संध्याकाळी नळावर रांग, मग चुलीवर नाचणीच्या पिठाचं गरगटं आणि खाजकुईलीसारख्या अंगाला झोंबणाऱ्या पाल्याची भाजी. चढउताराचं मला काही वाटलं नाही, भांडुपला जन्म गेला पायऱ्या चढण्यात. पण स्वस्थ बसणं जमेना. मनमाया सूर्य मावळताना ओसरीवर नुसती बसायची. मी तिची लाकडं उंचीप्रमाणे लावून ठेवायचे, डबे पुसायचे, म्हशीच्या दाव्याची गाठ बदलायचे. ती हसायची आणि शेजारची जागा थोपटून म्हणायची, "दिदी, बस्नुस् न." बसा ना. मी टेकायचे आणि लगेच उठायचे.

मन सायलीपाशी असायचं. फोनची रेंज गावात नव्हती. वर खिंडीत, जिथे दगडांच्या राशीत देव मांडलेला होता, तिथेच ती यायची. तिथले लोक त्या जागेला देउराली म्हणतात. येणाजाणारा प्रत्येक जण तिथे पान, फूल, नाहीतर एखादा दगड वाहतो आणि मगच पुढे जातो. मी रोज शाळा सुटली की धापा टाकत वर जायचे, घाईघाईत एक पान टाकायचे आणि फोन कानाला लावायचे. लोहाची गोळी घेतलीस का, डॉक्टर काय म्हणाले, बॅग भरून ठेव, जड उचलू नको. सायली कंटाळून म्हणायची, "आई, यार, तू तिथे मुलांना शिकवायला गेलीयेस ना?"

पावसाळा सरत आला होता. लागोपाठ दोन दिवस झोडपून पाऊस झाला आणि खालचा जीपचा रस्ता दरडीखाली गेला. त्याच दुपारी मी खिंडीत गेले, तर यजमानांचा फोन. सायलीच्या पोटातलं पाणी वेळेआधीच गेलं होतं. तिला मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं होतं. "आत पुरुषांक सोडनत नाय. मी नि जावई दोघव भायर उभे आसोंव. ती आतमध्ये एकटी रडता, आई आई करता," एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला. मग रेंजच गेली.

मला काय झालं ते सांगता येत नाही. पाय आपोआप पळाले. घरी येऊन मी पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि खाली निघाले. मनमायाने मला गावाच्या टोकाशी गाठलं, दंड धरला. "बाटो छैन, दिदी." वाट नाही. मी म्हटलं, मी चालत जाईन, दरडीवरून जाईन. तिने मला वळणावर नेलं आणि खाली दाखवलं. जिथे काल पायवाट होती तिथे नुसती ओली लाल माती दरीपर्यंत घसरलेली होती. मी तिच्यावर ओरडले, मराठीत ओरडले. तिने ऐकून घेतलं.

परत वर खिंडीत गेले. फोन हातात धरून त्या दगडांभोवती फिरत राहिले. कोणाला फोन करू, कोणाला सांगू, काय करू. करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तेच मला सोसत नव्हतं. मनमाया मागून आली. गवताचे भारे घेऊन चढणाऱ्या चौघीजणी टेकायला थांबल्या. मनमायाने त्यांना काय झालं ते सांगितलं. त्या भारे उतरवून आमच्यापाशीच बसल्या.

आमच्या कोकणात काही अडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. घरातला थोरला पुरुष हातात नारळ घेऊन देवाला हाक मारतो, मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे एकसुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्याकडे ते काम थोरल्या दिरांचं. मी जन्मभर मागे उभी राहून फक्त व्हय म्हाराजा म्हणत आले. त्या दिवशी मागणारं कोणी नव्हतं, आणि मी मागितलं तरी व्हय म्हणणारं कोणी नव्हतं. व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, असं आम्ही मानतो. मला रडू फुटलं. मनमायाला मी हातवारे करून, हिंदी-नेपाळी मिसळून कसंबसं समजावलं. तिने ते त्या चौघींना सांगितलं, मग कनवटीला हात घातला आणि एक अक्रोड माझ्या ओंजळीत ठेवला. नारळ तिथे कुठून मिळणार!

मी उभी राहिले. दिरांचा आवाज आठवला. "बा देवा म्हाराजा, माझी लेक तिकडे अडकली हा, तिची रखवाली कर रे म्हाराजा."

मागून पाचही जणी म्हणाल्या, "हजुर."

त्यांच्याकडे होय म्हणण्याची आदराची रीत ती. मराठी कळत नव्हतं त्यांना. पण कशाला होय म्हणायचं ते कळलं होतं. मग माझी जीभ सुटली. डॉक्टरीणबाई मोठ्याच असू देत, शिकाऊ नको, रे म्हाराजा. हजुर. तिची पाठ डाव्या बाजूला दुखते, तिथे कोणी चोळू देत. हजुर. तिला पाणी गरम लागतं. हजुर. पांघरूण कपाटात वरच्या खणात आहे, ह्यांना सापडायचं नाही, सापडू दे. हजुर. देवालाही मी कामाला जुंपलं होतं, सूचना संपत नव्हत्या. आणि एका क्षणी संपल्या. सांगण्यासारखं काही उरलं नाही. त्या पाचही जणी वाट पाहत होत्या. मग मी म्हटलं, "माका काय समाजत नाय. आता तूच बघ रे म्हाराजा."

"हजुर," त्या म्हणाल्या.

मी अक्रोड दगडांत ठेवला आणि मनमायाच्या शेजारी बसले. गेल्या कित्येक वर्षांत मी तशी बसले नव्हते. भीती होतीच, पण तिच्याशी माझी मारामारी थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंज आली. सायली सुखरूप होती. मुलगी झाली होती, इवलीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली, पण रडायला खणखणीत. रस्ता खुला झाल्यावर मी भांडुपला पोचले, तेव्हा सायलीने उरलेलं सांगितलं. शेजारच्या खाटेवर एका बाईची भाची बाळंत झाली होती. ती बाई खारदांड्याची, मासळी विकणारी. भाचीचं सगळं आटोपून ती निघाली होती, पण सायलीला रडताना पाहून थांबली. "आई नाय तर काय झालं? मी हाय ना हितं. धर माजा हात, आन् वरड किती वरडायचं ते." ती शेवटपर्यंत हलली नाही. पाठ चोळत राहिली. "डावीकडेच चोळत होत्या गं," सायली म्हणाली, "मी सांगितलंही नव्हतं."

मी काही सिद्ध करायला बसलेले नाही. बाळंतिणीची पाठ कोणीही चोळेल, आणि दोनच बाजू असतात. मला एवढंच माहीत आहे की मी नसताना, माझ्या हाताशिवाय, माझ्या लेकीचं सगळं झालं. हे कळल्यावर मला आधी थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. मग मात्र इतकं हलकं वाटलं की मी देवासमोर बसून पोटभर रडले.

बारशाला आम्ही त्या मावशींना बोलावलं. अबोली माळून त्या आल्या आणि बाळाला मांडीवर घेऊन अगदी घरच्यासारख्या बसल्या. स्वयंपाकघरात जावा काय करताहेत ते बघायला मी एकदाही उठले नाही. थोरल्या दिरांनी नारळ हातात घेतला, बाळासाठी गाऱ्हाणं घातलं. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." माझ्या तोंडून मात्र निघालं, "हजुर." दिरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि ते पुढचं मागणं मागायला लागले.