धानाच्या घरातली ज्वारी

"दम घेऊ दे वो पहिले, मंग बोल." चिचगडच्या आमच्या शाळेत पाय ठेवल्यावर माझ्यासोबत शिकवणाऱ्या ताईंचं पहिलं वाक्य हेच. बसथांब्यापासून वर्गापर्यंत येतानाच त्यांना धाप लागायची. मग पदराने मानेचा घाम टिपत त्या हसायच्या. अशी हसून वेळ मारून नेणारी बाई तुम्हीही पाहिली असेल.

गुडघ्यांसाठी देवरीच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, ते ताईंनी मनावर घेतलं. उपाशी राहायचं नाही, पण ताटभर भाताऐवजी ज्वारीची भाकर, घट्ट वरण, भाजी, ताक, भात वाटीभरच. संध्याकाळी चालायचं.

सासरी धानाची शेती. "घरी तांदूळ पडून राहिला, तू इकतची ज्वारी कायले खाते?" सासूबाईंनी विचारलं. "एका घरात दोन सयपाक नाही होत." नवरा म्हणाला, "हीरोइन बनून राहिली का?" हे सगळं ताईच आम्हाला हसत सांगायच्या.

तरी त्या लवकर उठून आपली भाकर थापायच्या. हळूहळू ब्लाउज सैल झाले. एकदा त्या बसमधून उतरून बोलत बोलतच वर्गात आल्या आणि स्वतःच दचकल्या, धाप लागलीच नव्हती.

मग एका लग्नात कोणीतरी सासूबाईंना विचारलं, "सून काऊन वाळली? खायले देत नाही का?" घरी आल्यावर नवरा ओरडला, "आमची इज्जत काढून राहिली तू!"

दुसऱ्या दिवशी डब्यात भात होता. मी काही विचारायच्या आत ताई म्हणाल्या, "रोज रोज कोण भांडते वो?" त्या दिवशी त्या हसल्या नाहीत.

पुढे नवऱ्याला साखर निघाली. डॉक्टरांनी त्यालाही तेच पथ्य सांगितलं. ज्वारी दळून आणली ती सासूबाईंनीच. दोन स्वयंपाकांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

गुडघ्यांपायी ताईंनी गेल्या वर्षी नोकरी सोडली. मी भेटायला गेले, तेव्हा त्या नवऱ्याला गरम भाकर वाढत होत्या. स्वतःच्या ताटात सकाळचा उरलेला भात.

"तुम्ही भाकर नाही खात?"

"दोघांच्या करतपर्यंत उभं राहवत नाही आता."

सासूबाई माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, "पाहा, किती कडक पथ्य पाळते माहा पोरगा. मनाचा पक्का आहे."

ताई भिंतीला हात टेकत उठल्या आणि त्याच्यासाठी ताक आणायला आत गेल्या.