देवकाबाईची कंबर

जाम गावच्या चौरस्त्यावर ट्रकचं चाक बसलं की जुने ड्रायव्हर देवकाबाईचं दुकान विचारतात. नवरा गेला तेव्हा पंक्चरचं ते दुकान बंद होणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. देवकाबाईने पदर खोचला आणि चाक खोलायची टॉमी हातात घेतली. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "बाईले जमंल का?" ती म्हणाली, "चाक काढू देतो का जातो तसाच?" त्याने चाक काढू दिलं. पुढे पोरगी मेघा शिकली, लग्न करून नागपूरला गेली, आणि दुकान चालूच राहिलं.

मग गेल्या हिवाळ्यात एका टिप्परचं चाक उभं करताना कमरेत कट्कन आवाज झाला. त्या दिवशी ती कशीबशी घरी गेली. पण दुखणं कमरेत थांबेना. कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत करंट धावायचा. बसलं तरी कळ, उभं राहिलं तरी कळ. गावातल्या एका नस बसवणाऱ्याने पाय धरून असा ओढला की दोन दिवस तिला कूस बदलता येईना.

धाकटा दीर प्रेमदास भेटायला आला. "वहिनी, पुरे झालं आता. मेघाकडे जाऊन राहा. जागा आपण मोबाईलवाल्याले देऊन टाकू."

"दुखणं माह्या कमरेले हाय, प्रेमदासभाऊ. दुकानाले नाई."

मेघा तिला वर्ध्याला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी एमआरआयचा फोटो उजेडात धरून दाखवला. दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाबत होती. पायातला जोर शाबूत होता, लघवीचा त्रास नव्हता, म्हणून ऑपरेशनची घाई नव्हती. दीड महिना गोळ्या आणि व्यायाम झाले. फरक पडला, पण रात्रीची झोप येईना. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मणक्यात नसेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन बघू. सूज उतरली तर कळ कमी होईल."

शेजारच्या कमलाने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मणक्यात सुई? पाय जाते बाई! काऊन जिवावर उदार होऊन राह्यली?"

देवकाबाईने पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनाच विचारलं, "पाय जाते का?"

"अगदी क्वचित नसेला इजा होते, कधी जंतुसंसर्ग होतो. होणारच नाही असं मी म्हणणार नाही. म्हणून मशीनवर सुई बघत बघतच देतो. फायदा होईलच असंही नाही, आणि झाला तरी कायमचा नसतो. तुम्हाला शुगर आहे, ती काही दिवस वाढेल."

इतके दिवस जो तो छातीवर हात ठेवून खात्री देत होता. नस बसवणाऱ्यानेही दिली होती. खात्री न देणारी ही पहिलीच. "मंग द्या," देवकाबाई म्हणाली.

तिला पालथं झोपवलं, पोटाखाली उशी सरकवली. कमरेवर गार औषध फिरलं, बधिर करणारी बारीक सुई टोचली. मग दाब आला आणि औषध आत जाताना तीच ओळखीची कळ पायातून सर्रकन खाली गेली. तिने पलंगाची कड आवळली. "हलू नका हं." "हालत नाई. तुमी चालू द्या." थोड्या वेळाने बसून चहा घेतला आणि संध्याकाळी ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी कळ होती तशीच. तिसऱ्या दिवशीही. शुगर मात्र चढली. त्याच दुपारी कोणीतरी सांगत आलं, की प्रेमदास मोबाईलवाल्याला घेऊन दुकानात मापाची टेप लावतोय.

देवकाबाई काठी घेऊन निघाली. वाटेत दोनदा थांबली, दात आवळले, पुन्हा निघाली. दुकानाच्या दारात काठी टेकवून म्हणाली, "टेप गुंडाळ."

"वहिनी, तुमच्या भल्यासाठीच..."

"माह्यं भलं मले इचारून करत जा. मी मेली नाई अजून."

मोबाईलवाला आधी गेला. त्याच्यामागे प्रेमदास.

आठवडा उलटला आणि एका सकाळी भांडी घासताना तिच्या लक्षात आलं, की आपण बराच वेळ उभ्या आहोत. पायातला करंट मंदावला होता. कंबर भरून यायची, पण झोप लागू लागली. तपासणीला गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता व्यायाम सोडू नका. आणि ट्रकचं चाक पुन्हा उचलायचं नाही."

हे मात्र तिला सुईपेक्षा जास्त लागलं. परतीच्या एसटीत ती खिडकीतून शेजारून जाणाऱ्या ट्रकांची चाकं बघत बसली. पण उतरल्यावर घरी न जाता सरळ तानबाकडे गेली. तानबा हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. हंगाम संपला, तसा तो रिकामा होता.

"चाक उचलायले माणूस पाह्यजे. येशील? पण मालक मी, आणि हुकूम माहा."

तानबा हसला. "येतो ना बाई."

आता चाक तानबा काढतो. टायर तपासणं, ट्यूब जोडणं, हवा भरणं तिच्याकडे. उंच बाकावर बसून. उन्हाळा सरता सरता कळ थोडी परतली. दुकानात आलेली कमला म्हणाली, "पाह्यलं? गेलं ना इंजेक्शन वाया!"

"चार महिने सुखानं झोपली ना मी," देवकाबाई म्हणाली. "आता अजून घ्यायचं का नाई, ते डॉक्टरीणबाई अन् मी ठरवू. तू चहा सांग."

मग तिने बाकावरच पाय लांब करून सकाळचा राहिलेला व्यायाम सुरू केला. समोर थांबलेला ट्रकवाला बघतच राहिला. तिने त्याला बघू दिलं.