कमी व्होल्टेजची रेकॉर्ड

आमच्या फुलांच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी दुपारी आम्ही चार जण जॅझ ऐकतो. अकोल्यात, जुन्या शहरात, हो. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. मी झेंडू-शेवंती विकते, एक निवृत्त मास्तर आहेत, एक परतवाड्याचे संत्र्यांचे व्यापारी आणि एक मूर्तिजापूरहून येणारे काका. काकांनी सारी उमर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं.

जॅझ आमच्याकडे आलं ते बाबांमुळे. त्यांनी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून रेकॉर्ड प्लेअर घेतला, त्यासोबत एकच इंग्रजी रेकॉर्ड आली. साठ-सत्तर वर्षांपूर्वी मुंबईच्या हॉटेलात वाजवणारा कुणी क्लॅरिनेटवाला. संध्याकाळी हार बांधताना बाबा ती लावायचे. काका तेव्हा तरुण. वरातीआधी हार न्यायला यायचे आणि उंबऱ्यातच उभे राहायचे. ऐकून ऐकून त्यांनी अख्खी चीज उचलली. पुढे दुकान हलवताना रेकॉर्ड फुटली, पण काकांच्या बोटांत ती शाबूत होती. म्हणून आमचा रविवार त्यांच्या वाजवण्यानंच संपायचा.

फोनवर जुन्या जॅझवाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यातले पुण्याचे एक संग्राहक यंदा हिवाळ्यात मुद्दाम आमच्याकडे आले. त्यांच्याकडे तीच रेकॉर्ड होती, न फुटलेली. सोबत मशीनही आणलं. काका त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

सुई टेकली आणि गाणं धावायलाच लागलं. सूर चढा, चाल पळती. मास्तर माझ्याकडे बघायला लागले. पाहुण्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. संध्याकाळी शेतांतल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज पडायचं. पंखा रडत फिरायचा, तशीच रेकॉर्डही हळू फिरायची. पाहुणे गोड हसून म्हणाले, "म्हणजे तुम्ही सगळे इतकी वर्षं चुकीचं ऐकत आलात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी आलेला पाहुणा, मी चहा पुढे केला आणि गप्प बसले. तीच माझी चूक झाली. काकांनी क्लॅरिनेट न वाजवताच फडक्यात गुंडाळलं आणि गाडीची वेळ झाली म्हणत निघाले. गाडीला अजून दोन तास होते.

पुढचे तीन रविवार ते आले नाहीत. फोन केला तर त्यांची सून म्हणाली, क्लॅरिनेटची पेटी माळ्यावर टाकली आहे, कुणाला तरी देऊन टाका म्हणतात.

सोमवारी दुकान लेकीवर सोपवलं आणि मूर्तिजापूरची गाडी धरली. काका ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होते. काहून आली, एवढंच विचारलं. मग आपणहूनच बोलायला लागले. सारी जिंदगी खोटं वाजवलं, लोकांना काय मालूम, ते बिचारे नाचले. आता मास्तरांना तोंड कसं दाखवू?

समजूत घालायला गेले होते मी, पण भांडायलाच लागले.

"काका, माह्या बापाले तुमी हेच वाजवत नेलं. तो बी चुकीचाच गेला काय?"

बाबांनीच सांगून ठेवलं होतं, भजनवाले नकोत, त्याला बोलवा. जुन्या शहरातून मोर्णा नदीच्या पुलापर्यंत काका पुढे आणि तिरडी मागे. भाऊबंदांनी नाकं मुरडली. मुरडू देत. त्या संथ सुरावर चौघांची पावलं बरोबर पडत होती. पुण्याच्या चालीनं नेलं असतं तर खांदेकऱ्यांना पळावं लागलं असतं. हे सगळं मी काकांना सुनावलं आणि रागारागात मलाच रडू फुटलं.

काकांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग त्यांनी सुनेला पेटी खाली काढायला सांगितली. तोंडाकडची रीडची पट्टी वाळली होती, पहिला सूर फाटला. ती ओली करून त्यांनी पुन्हा लावली आणि डोळे मिटून अख्खी चीज वाजवली, आपल्या चालीनं. मी ती फोनमध्ये घेतली आणि तिथूनच ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, ही अकोल्याची चाल आहे, ज्याला घाई असेल त्यानं ऐकू नये.

काका मात्र नाराज दिसले. काय झालं म्हणून विचारलं.

"जरा जल्दी झालं," ते म्हणाले. "उन्हाळ्यात तर लाइन याच्याहून कमी राहे. थांब, पुन्हा वाजवतो."