रानाला लागलेलं कूळ

मी आयुष्यात कधी गलोल हातात धरली नाही, कुठं फासे लावले नाहीत, अंडंसुद्धा खात नाही. तरी सेलू तालुक्यातल्या एका रानातून तणमोर नावाचा पक्षी कायमचा घालवायचं काम मी जितक्या चोखपणे केलं, तितकं एखाद्या सराईत शिकाऱ्यालाही जमलं नसतं. आणि हे सगळं मी त्याला वाचवायला म्हणून केलं. आजही व्याख्यानाला बोलावतात तेव्हा माझी ओळख ‘निसर्गप्रेमी प्राध्यापिका’ अशी करून देतात आणि मी मान खाली घालून हार घेते. लोकांना तो विनय वाटतो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं, ते नामांतराचं प्रकरण अजून मिटलं नव्हतं. मोर्चा निघाला की कॉलेज बंद, त्याच्या विरोधात दुसरा निघाला की परत बंद. उरलेल्या दिवसांत मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. त्या वर्षी अभ्यासक्रमात वन्यजीव संवर्धनाचं नवं प्रकरण आलं. आता त्याला जैवविविधता म्हणतात आणि त्यावर समित्या नेमतात. तेव्हा ते पुस्तकाच्या शेवटी होतं आणि परीक्षेला ऐच्छिक होतं.

प्रकरणात देवमासा होता, पांडा होता, बर्फावरचं अस्वल होतं. माझ्या वर्गानं बर्फ पाहिला होता तो रसवंतीवर, भुशात गुंडाळलेला. प्राणी का नष्ट होतात याची कारणं मी फळ्यावर लिहायची आणि मुलं ती पाठ करायची. राहायची जागा जाते, शिकार होते, बाहेरून आलेल्या जाती माजतात. या शेवटच्या कारणाला मी गाजरगवताचं आणि बेशरमच्या झुडपांचं उदाहरण द्यायची. बेशरम म्हटलं की मागचे बाक हसायचे. किती तोडली तरी नाल्याच्या कडेला पुन्हा उभी राहते म्हणून तिचं ते नाव, आणि मुलांनी तेच नाव संस्थेच्या एका संचालकांनाही ठेवलं होतं. मी रागावल्यासारखं करायची, कारण नाव चपखल होतं.

एकदा एका मुलीनं विचारलं, “मॅडम, आपल्याकडं कायबी नष्ट व्हायलं न्हाई का?” तिच्या आवाजात चक्क कमीपणा होता. जगभर काही ना काही नष्ट होत होतं आणि परभणी जिल्ह्याच्या वाट्याला त्यातलंही काही आलं नव्हतं.

आलं होतं. वालूरच्या बाजूला, रस्त्यापासून थोडं आत, आप्पांचं गवताचं रान होतं. आप्पा म्हणजे तिथले मोठे शेतकरी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, श्रावणात एकवेळ जेवण, पायाखाली मुंगी आली तरी पाऊल आखडणारा माणूस. रान मुरमाड, पीक येत नाही म्हणून पिढ्यान्पिढ्या गवताला सोडलेलं. दसऱ्यानंतर गवत कापायचं आणि वर्षभर बैलांना घालायचं. राखणीला एक सालगडी होता, म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंतच्या बोलीवर ठेवलेला गडी. पन्नाशीचा माणूस, बायको वारलेली, रानाच्या कडेलाच त्याची झोपडी. गवत होतं म्हणून राखण होती आणि राखण होती म्हणून त्याला झोपडी होती. मी त्याला मामा म्हणायची.

पावसाळ्यात मुलांना घेऊन मी त्या रानात गेले आणि मामानं बोट दाखवलं. गुडघ्याएवढ्या गवतातून एक काळा-पांढरा पक्षी सरळ वर उडाला, हवेत पंख फडफडवले, बेडकासारखं काहीतरी ओरडला आणि परत गवतात पडला. थोड्या वेळानं पुन्हा. तणमोराचा नर मादीला बोलवायला अशा दिवसभर उड्या मारतो. मी हे पुस्तकात वाचलं होतं. मामा ते गेली काही वर्षं भाकरी खात बघत होता.

“आमी त्याला उड्याच म्हनतो,” तो म्हणाला. “लय येडं पाखरू हाय. बायको करायची म्हनून निस्तं उड्या मारायलंय.”

पंधरा दिवसांनी त्यानंच मला मादीचं घरटं दाखवलं. घरटं म्हणजे काय, दबलेलं गवत आणि त्यात मातकट रंगाची तीन अंडी. मी हरखले. इतका दुर्मीळ पक्षी, कायद्यानं संरक्षित, आणि माझ्या तालुक्यात! शहाण्या माणसानं तोंड बंद ठेवलं असतं आणि अंडी फुटून पिल्लं उडेपर्यंत तिकडं फिरकलं नसतं. पण मी शिकवणारी बाई. मला गोष्ट माहीत झाली की ती दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी पत्र्याची पाटी रंगवून आणली आणि रस्त्याकडच्या बांधावर रोवली. खड्डा मामानंच खणून दिला. पाटीवर सुवाच्य अक्षरात होतं : ‘तणमोर. संरक्षित. या रानात त्याचा अधिवास आहे.’

अधिवास म्हणजे प्राण्याची राहायची नैसर्गिक जागा. हा अर्थ मला, माझ्या वर्गाला आणि पुस्तक लिहिणाऱ्याला माहीत होता. बाकी सगळ्या जिल्ह्याला अधिवास माहीत होता तो तहसीलमधल्या दाखल्यामुळं. नोकरीच्या अर्जाला जोडायचा, ‘हा माणूस इथलाच’ असं सांगणारा सरकारी कागद.

आणि ‘संरक्षित’ हा शब्द तर त्याहून वाईट निघाला. निजामाचं राज्य गेल्यावर आमच्याकडं कूळकायदा आला, त्यात कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ असं नाव मिळालं. ज्याच्या रानाला असं कूळ लागलं, त्याचं रान बघता बघता कुळाच्या नावावर झालं. आप्पांच्या वडिलांची नदीकाठची काळी जमीन अशीच गेली होती. त्या घरात ‘संरक्षित’ हा शब्द एखाद्या रोगाच्या नावासारखा हळू आवाजात उच्चारत असत. मी तो फूटभर अक्षरात लिहून त्यांच्या बांधावर लावला होता.

आप्पांनी पाटी वाचली. त्या रात्री ते जेवले नाहीत म्हणे, पण श्रावणातला सोमवार होता, त्यामुळं मी ते सगळंच माझ्या नावावर घेत नाही. दुसऱ्या दिवशी ते तलाठ्याकडं गेले. तलाठ्यानं कपाटातले कागद चाळले आणि सरकारी माणसाला शोभेल असं उत्तर दिलं, “पाखराच्या कुळाबद्दल अजून काही आलेलं नाही.”

नाही म्हणाला असता तर रान वाचलं असतं. तो ‘अजून’ म्हणाला.

पुढची बातमी मला एसटीच्या कंडक्टरनं दिली. आमच्या रस्त्यावरच्या कंडक्टरला तिकिटापेक्षा बातम्या जास्त असायच्या. “मॅडम, तुमच्या पाखराचा कब्जा उठवायलेत की! ट्रॅक्टर घातलाय रानात.” पावसानं उघडीप दिली होती, जमिनीला वाफसा आला होता, म्हणजे नांगर चालेल इतपतच ओल उरली होती. मी उभ्या उभ्या उतरले आणि साडी खोचून बांधाबांधानं पळत गेले.

निम्मं रान उलटं झालं होतं. गवत खाली, मुळ्या आणि मुरूम वर. कडेला आप्पा छत्री धरून उभे होते. मला वाटलं होतं ते तोंड चुकवतील. त्यांनी मला सावलीत बोलावलं.

“या बाई. लेकाच्या नोकरीला अधिवासाचा दाखला काढायला मला तहसीलात किती चकरा माराव्या लागल्या, इचारा. तुमी पाखराला घरी नेऊन दिला.”

“आप्पा, ते कूळ नाही हो. पक्षी आहे!” मी जवळजवळ ओरडलेच. “संरक्षित म्हणजे त्याला मारायचं नाही, एवढंच.”

“एवढंच?”

“एवढंच. जमीन तुमचीच आहे.”

आप्पांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. “म्हंजे रानावर त्याचा हक्क न्हाई?”

“नाही.”

“म्या रान नांगरलं तर गुन्हा न्हाई?”

“तुमचंच रान. गुन्हा कसला?”

“मंग त्यानं ऱ्हायचं कुटं?”

मी रानाकडं बघितलं. ट्रॅक्टर पलीकडच्या बांधाला वळत होता.

“न्हाई, मी निस्तं इचारायलोय,” आप्पा म्हणाले. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. “मारायचं न्हाई, पर ऱ्हायला जागा बी द्यायची न्हाई. ह्येला संरक्षन म्हनायचं का? आमच्या कुळाला सरकारनं संरक्षन दिलं, तवा जमिनीसगट दिलं. आमचं वाटुळं झालं, पर काम पक्कं झालं.”

मी आप्पांना अडाणी ठरवायच्या पूर्ण तयारीनं आले होते. माझं अख्खं प्रकरण या माणसानं चार प्रश्नांत संपवलं होतं, तेही छत्रीखाली आणि पाठ न करता. मी फक्त एवढंच म्हणू शकले, “मग ट्रॅक्टर थांबवा ना. तुमच्या जमिनीला धोका नाही, हे आता कळलं तुम्हाला.”

“आज न्हाई,” आप्पा म्हणाले. “उद्या एखांद्या शिकलेल्या मानसाला सुचलं, का पाखराला जमीन बी द्यावी, तर? तवा रानात पाखरूच नसल्यालं बरं.”

पुढं अनेक परिषदांत मी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना याच विषयावर स्लाइड दाखवताना ऐकलं, की माणसाला जमीन जाण्याची भीती घातली तर तो आधी प्राण्याचा काटा काढतो. त्यांना वाटायचं हा परदेशातला शोध आहे.

मामानं ड्रायव्हरच्या हातापाया पडून घरट्याभोवती बाजेएवढा तुकडा सोडवून घेतला होता. चौफेर उलटी माती आणि मधे गवताचा तो चौकोन. लांबून तो एखाद्या थडग्यासारखा दिसत होता. मी त्या तुकड्याकडं बघून मनातल्या मनात हिशेब मांडला, की मादी परत येईल, अंडी उबवेल, काहीतरी वाचेल. मी स्वतः वर्गात शिकवत होते की रानाचे तुकडे झाले की त्यातला जीव टिकत नाही, लपायला जागा नसली की शत्रूला लांबून दिसतो. हे वाक्य मी मुलांकडून लिहून घेतलं होतं, आणि तरी मी आशा धरून बसले.

तीन दिवसांनी गेले. मादी आली नव्हती. अंड्यांची टरफलं गवताबाहेर पडली होती आणि दोन कावळे ढेकळांवर बसून होते. नर तर ट्रॅक्टरच्या पहिल्याच दिवशी उठून गेला होता. पुढं त्या मुरमात आप्पांनी ज्वारी पेरली. ती वीतभर उगवून वाळून गेली. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. सातबाऱ्यावर पेरा लागला होता, कब्जा शाबूत होता.

त्या तिसऱ्या दिवशी मामा झोपडीसमोर बसून भांडी गोणपाटात बांधत होता. गवत नाही, तर राखण कशाची? आप्पांनी त्याला पाडव्याची वाट बघायला लावली नव्हती.

मला रडू आलं. “मामा, माझ्यामुळं झालं हो हे सगळं.”

“तुमच्यामुळं न्हाई, बाई. पाटीमुळं.” त्यानं गोणपाटाला गाठ मारली. मग आजवर मला कधी न सांगितलेली गोष्ट त्यानं खाली बघतच सांगितली. “नामांतरावरनं पयल्यांदा पेटलं, त्या टायमाला आमी बी आमच्या वस्तीच्या तोंडाला पाटी लावली व्हती. बाबासायबाच्या नावाची. निस्तं नाव. कुनाचं रान मागितलं न्हाई, कुनाच्या हिरीचं पानी मागितलं न्हाई. चवथ्या दिवशी घर जाळलं. तवाच गाव सुटलं अन् हितं येऊन ऱ्हायलो.”

तो उठला, गोणपाट डोक्यावर घेतलं.

“तुमी खड्डा खनायला सांगितला, तवा मनात आलं व्हतं, बाईला सांगावं, पाटी नका लावू. मंग वाटलं, ह्या शिकलेल्या हायेत. आन पाखराच्या नावाला कोन कशाला भेईल?”