देवळापाशी उचललेला हात

माझे वडील ट्रक चालवत. रोह्याच्या एका कंपनीचा माल घेऊन मुंबईला जायचे, आणि जवळच्याच वरसे गावातल्या आमच्या चाळीत त्यांच्याइतका देवभोळा माणूस दुसरा नव्हता. रस्त्यात देऊळ दिसलं की हॉर्न हलकेच वाजवायचे, उजवा हात स्टिअरिंगवरून छातीला न्यायचे, छातीवरून कपाळाला, आणि डोळे क्षणभर मिटायचे. लहानपणी केबिनमध्ये बसून मी त्यांची नक्कल करायचे, तेव्हा ते भारी खूश व्हायचे. "देव रस्त्याला बसलाय तो आपल्यासाठीच," म्हणायचे.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा रोह्याला कॉलेजात होते. एका सकाळी पेणच्या अलीकडे गडब गावाजवळ, देवीच्या देवळासमोर, बाबांच्या ट्रकखाली एक सायकलवाला आला. मिठागरावर कामाला निघालेला माणूस. एरवी अशा वेळी ड्रायव्हर गाडी टाकून पळतात, कारण लोक आधी मारतात आणि मग विचारतात. बाबांनी मात्र त्याला उचलून आपल्याच ट्रकमध्ये घातलं आणि पेणच्या दवाखान्याकडे गाडी पळवली. तो वाटेतच गेला.

पण ट्रक जागेवरून हलला तो हललाच. पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा तिथे फक्त मोडकी सायकल होती, आणि तीही कुणीतरी आडवी पडून राहू नये म्हणून देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलेली. सायकल नेमकी कुठून आली, ट्रक रस्त्याच्या कुठल्या बाजूला होता, ब्रेक कधी लागला, काही सांगता येईना. म्हणजे बाबांच्या भलेपणानेच पुरावा पुसला. याला चांगलं म्हणायचं की वाईट, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आजही कळलेलं नाही.

पुढे मयताच्या बायकोने अलिबागच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला. ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलांनी आम्हाला पेणला आपल्या ऑफिसात बोलावून घेतलं. ड्रायव्हरची चूक सिद्ध झाली तर त्या बाईला भरपाई मिळणार, नाही झाली तर तिच्या हाती फारसं काही लागणार नाही. आणि बाबांनी चूक कबूल केली तर दुसरीकडे चाललेली फौजदारी केस अंगावर येणार, लायसन जाणार, नोकरी जाणार. "तुम्ही एवढंच म्हणायचं, सायकल अचानक आडवी आली," वकील म्हणाले.

"आली होती का?" बाहेर आल्यावर मी बाबांना विचारलं.

"काय म्हायत," बाबा म्हणाले. "डोळ्यांपुढं कायच येत नाय बघ."

मला असा राग आला! ट्रक चालवत होतात तुम्ही, मग तुमच्या डोळ्यांपुढं नाही तर कोणाच्या? आणि तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. देवळासमोर झालं होतं सगळं. घरी येऊन आईला विचारलं, बाबांनी त्या दिवशीही देवीला हात केला असेल का गं?

"देवाला हात केला तर काय गुन्हा व्हय गो?" आई भाकरी थापायची थांबली. "बोलू नको कुठं."

गुन्हा होता की नव्हता? बाबा सुटावेत असं मला वाटायचं, आणि त्या बाईला भरपाई मिळावी असंही वाटायचं. दोन्ही एकदम होणार नव्हतं. देवीला नक्की काय मागायचं, तेच मला उमजेना.

साक्षीच्या दिवशी बाबांनी पढवलेलं वाक्य बोलून टाकलं. तेवढ्यात कोर्टाची वेळ संपली आणि उलटतपासणी पुढच्या तारखेवर गेली. व्हरांड्यात ती बाई भिंतीला टेकून उभी होती. बाबांना म्हणाली, "तुमी त्यांना रस्त्यात टाकून पळालात नाय, ते मी इसरणार नाय." तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अलिबागहून पेणला येऊन आम्ही स्टँडवर रोह्याची एसटी धरली, तर तीही त्याच गाडीत होती. बाबा ड्रायव्हरच्या मागेच दांडा धरून उभे राहिले. गडब जवळ आलं, देऊळ दिसलं आणि सवयीने अर्ध्या गाडीचे हात छातीला गेले. माझाही गेला. ड्रायव्हरचा हात उठतोय तोच बाबा ओरडले, "हात खाली! पुढं बघ, पुढं!"

ड्रायव्हरने दचकून ब्रेक दाबला. माणसं एकमेकांवर आदळली. "डोस्कं फिरलं काय म्हाताऱ्याचं!" कुणीतरी म्हणालं. त्या बाईने मान वळवून बाबांकडे पाहिलं, आणि गडबला ती उतरून गेली.

पुढच्या तारखेला तिच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला. "रस्त्यात देऊळ आलं की तुम्ही काय करता?"

विमा कंपनीचे वकील हरकत घ्यायला उठले. बाबांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. "देवाला हात करतो, साहेब. त्या दिवशी पण केला. डोळे उघडले, तर सायकल समोर."

टायपिस्टची बोटं मध्येच थांबली. तोही रोज कुठल्यातरी देवळावरूनच येत असणार. मला बाबांचा अभिमान वाटला आणि भयंकर भीतीही वाटली.

बाहेर ती बाई आमच्याकडे आली. इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "त्यांना पण तीच सवय व्हती. देवीसमोर डोळे मिटून सायकलीवरनं दोन्ही हात सोडायचे. मी किती येळा बोलले, पडाल एक दिवस. मी कोणाला सांगितलं नाय."

म्हणजे दोघांचेही डोळे मिटलेले? मग चूक कोणाची? काही बोलायला मी तोंड उघडलं, तर बाबांनी माझा दंड धरला.

"बाई, ते आता कुणाला बोलू नका," ते म्हणाले. "वकिलाला पण नाय. भरपाई कापतील तुमची."

निकाल लागला. त्यात लिहिलं होतं, चूक सर्वस्वी ट्रकचालकाची. तोवर बाबांची नोकरी गेलीच होती, पुढे लायसनही गेलं. बाबांनी तो कागद मला मोठ्याने वाचायला लावला, त्या ओळीपाशी थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली.

"बरोबर हाय," म्हणाले.