मेंदूचं बेणं

आमच्या कराडच्या फिजिओ हॉलमध्ये डोक्याला मार लागलेले पेशंट येतात. हसण्यासारखं काही नाही. तरी घरी जाताना रोज एखादा किस्सा पिशवीत पडतोच, काय करता!

यंदा निम्मे किस्से एकट्या सुभेदारांचे. फौजेतून रिटायर झालेला गडी. धुक्यात बुलेट उसाच्या ट्रॉलीवर गेली, हेल्मेट घरी खुंटीला! जीव वाचला, पण चालणं-बोलणं गेलं. त्यांच्या बायकोचं, शालनकाकींचं, एकच मागणं: "म्याडम, चालू नगंत, पर माज्याशी बोलू देत."

*

काकींचा धाकटा दीर पांडूतात्या मोबाईलवर व्हिडिओ घेऊन आला. "स्टेम सेल! मेंदू परत उगवतोय म्हनं!"

डॉक्टरांनी समजावलं, "ह्या पेशी अजून कशाच्याच झालेल्या नसतात. मेंदूत सोडल्या तर दुरुस्तीला मदत करतील का, ते अजून तपासतायत."

"कळलं. म्हंजी उसाच्या लावणीचं बेणं! पर घरचं का बाहेरचं?"

डॉक्टर हसले. "दोन्हींवर प्रयोग चाललेत. पेशंटच्याच हाडातल्या मगजातूनही काढतात."

"मग दादाचंच घ्या. घरचं बेणं कवा दगा देत न्हाई!"

"तात्या, खात्रीचं पीक अजून कुणाच्या हातात आलेलं नाही. व्हिडिओवाल्यांच्या नादी लागू नका."

डॉक्टरांवरचा राग माझ्यावर! तात्या दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. जणू मीच त्याच्या पाटाचं पाणी अडवलं होतं!

*

"पाय उचला, पाय उचला" करून माझा घसा बसला. सुभेदार ढिम्म. शेवटी मीच वैतागून ओरडले, "सावधान!"

सुभेदारांचे पाय जुळले. बाकावरचे तीन नातेवाईकही ताठ उभे! आमच्याकडे दर घरात एक फौजी, दुसरं काय होणार?

काकी म्हणाल्या, "फौजेचं लगीच आयकत्यात. माजं कवा आयकलंय!" सगळे हसले. काकींचे डोळे मात्र भरले होते.

*

एकदा काकींनी डॉक्टरांना गाठलं. "आवं सायेब, समजा नव्या पेशी आल्या. त्यांस्नी माजी वळख कोन करून दिल?"

डॉक्टर म्हणाले, "ते तुम्हालाच करावं लागेल, काकी. उद्या ते औषध निघालं, तरी बोलणं पुन्हा शिकवावंच लागणार."

"मग थांबायचं कशापायी?" असं म्हणून काकी सुभेदारांच्या शेजारी बसल्या आणि म्हैस कशी व्याली ते सांगायला लागल्या. मला त्या बाईचं लय कौतुक वाटलं.

*

पण नुसती बडबड पुरेना. मी म्हटलं, "काकी, त्यांना नावानं हाक मारा. ओळखीच्या आवाजातलं आपलं नाव लवकर पोचतं."

"अगं बया! नवऱ्याचं नाव? लग्न झाल्यापासनं नुसतं 'आवं' म्हनत आलीया मी. उखान्यात घिऊ का?"

"उखाणा नको. सरळ हाक मारा."

आठवडाभर टाळाटाळ चालली. एका सकाळी त्यांनी तात्याला चहाला पिटाळलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, डोळे गच्च मिटले आणि अख्खा हॉल दणाणेल अशी हाक मारली, "हणमंता!"

सुभेदारांची मान हळूहळू वळली. ओठ हलले. जड जिभेनं, एकेक शब्द तोडत ते म्हणाले,

"हळू... लोकं... हायती."