ठसका आला नाही

सासूबाईंचं माहेर मढ. डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं की दम वाढला की त्यांना काहीतरी विचारायचं. एका श्वासात पुरतं उत्तर आलं नाही, तर थेट दवाखाना. मी माहेर विचारायचे. "मढ, माळशेजच्या अलीकडं, आन् आमच्यासारका भात तुमच्या निरगुडसरात पिकायचा न्हाई," असं सुनावलं की मी निर्धास्त. चुलीच्या धुरानं फुप्फुसं कामातून गेली होती, पण टोमणा शाबूत होता.

त्या दुपारी कांदाकाढणी चाललेली. धुळीनं त्यांना धाप लागली. पडवीत बसवून दम्याच्या पंपाचे फवारे तोंडात दिले, वाट पाहिली, पुन्हा दिले. श्वासागणिक गळ्याखाली खड्डा पडत होता.

"आई, माहेर कुठलं?"

"म..."

शेजारची गाडी बोलावली. ती यायला दहा मिनिटं होती.

"दृष्ट लागलीय तिला. मिरच्या आण," चुलतसासूबाई म्हणाल्या.

मी बारावी सायन्स. सांगायला लाज वाटते, पण आणल्या. नुसतं बघत बसवेना मला. सात मिरच्या आणि मीठ त्यांच्यावरून उतरवून पडवीतल्या चुलीत मीच टाकलं. धूर उठला. मी खोकले, चुलतसासूबाई खोकल्या. सासूबाईंना ठसका आला नाही.

"बग, ठसका न्हाई. लई कडक दृष्ट व्हती," चुलतसासूबाई समाधानानं म्हणाल्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ठसका यायला आत वारा तर हवा. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना अंगणात ओढलं. ओठ जांभळे पडले होते. गाडीत मंचरपर्यंत मी त्यांचा श्वास मोजत होते आणि स्वतःला शिव्या घालत होते.

"धूर वगैरे गेला का?" डॉक्टरांनी विचारलं.

"धुळीत होत्या," मी म्हणाले. ऑक्सिजनच्या मास्कवरून सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

चार दिवसांनी घरी आणलं. संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं. मुठीत मीठ-मोहरी होती.

"लई पळलीस. तुजी दृष्ट काढते." जरा थांबून श्वास घेतला. "मिरच्या न्हाई घेतल्या. तुला ठसका लागतो."

मला मान वर करवेना. दुसऱ्या फेऱ्यालाच त्यांना धाप लागली, हात खाली आला. उरलेले फेरे मी त्यांचं मनगट धरून माझ्यावरून काढले.